त्या दोघांना ऊन दाखवलं तेव्हा

नौपाड्यातल्या आमच्या घरात फ्रिज हॉलमध्ये, थेट दाराच्या तोंडाशी उभा असे. आलेला प्रत्येक माणूस चप्पल काढता काढता त्याच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "अरे वा, नवीन घेतलात?" नवीन कसला, माझ्या बारशाच्या वेळचा होता तो. दार उघडलं की दुधाचं पातेलं, कालची उसळ, अर्धं कापलेलं लिंबू, सगळं आल्यागेल्याच्या नजरेस पडायचं आणि आईला ते मुळीच खपायचं नाही. पण इलाज नव्हता. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे जी आतली खोली होती, तिथे पलंगाखाली माझ्या कुंदाआत्याचे दोन टायर झोपलेले असत. विजेची मोटर जवळपास फिरली की हवेत काहीतरी तयार होतं आणि ते रबराला हळूहळू खातं, असं आत्याने कुठेतरी वाचलं होतं. म्हणून फ्रिज हॉलमध्ये. म्हणून त्या खोलीत पंखा बंद, आणि मी आणि आत्या पुठ्ठ्याने वारा घेत झोपायचो. आणि म्हणूनच टायर घरात असेपर्यंत मिक्सर लावायचा नाही, असा नियम.

आईने माळ्यावरून पाटा-वरवंटा खाली काढला तो दिवस मला आठवतो. तिने ओलं खोबरं, मिरच्या, लसूण पाट्यावर घेऊन असा काही वरवंटा चालवला की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, फरशी बसवताय का म्हणून. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांना या सगळ्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पाट्यावरची चटणी, तांदळाची भाकरी आणि वर सोलकढी, एवढं ताटात पडल्यावर ते म्हणाले, "कुंदे, तुझे टायर आहेत तोवर चैन आहे बुवा." आईने त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचे आठ दिवस त्यांनी चटणीचं नावसुद्धा काढलं नाही. वाढली की मुकाट खायचे.

आता ही कुंदाआत्या कोण, ते सांगायला हवं. आप्पांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. स्टेशनजवळ तिचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. टपावर पाटी लावलेल्या एका छोट्या गाडीतून ती नौपाड्यातल्या बायकांना गाडी शिकवायची. "काकू, क्लच हळू. काकू, क्लच म्हणजे सुनेचा कान नव्हे, हळू सोडा." दिवसभर हे. झोपेतसुद्धा तिचा डावा पाय हलायचा. आणि दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी हीच बाई वेणी घट्ट घालून, ती कॉलरमधून आत खुपसून, वर हेल्मेट चढवून घाटापलीकडच्या एका जुन्या बंद धावपट्टीवर ड्रॅग रेस खेळायला जायची. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं, पाव मैल सरळ. जो आधी पोचेल तो जिंकला. आईला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती म्हणाली, "वळायचंसुद्धा नाही? मग त्यात कौतुक ते काय, वन्सं?"

आत्याची ती गाडी म्हणजे भंगारातून उचललेली एक जुनी काळी मोटार होती, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांवर सगळा जोर. वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडून तिने इंजिनाचं बरंच काम करून घेतलं होतं. गाडी ठेवायला जागा हवी म्हणून बाळकुमच्या तुकारामकाकांनी आपली भाताची कोठी मोकळी करून दिली. काका तिथलेच, बापजाद्यांपासून शेती आणि मिठागरावर जगलेले. आत्याने त्यांच्या बायकोला गाडी शिकवली होती, तेवढ्या ओळखीवर. मी कोठीत बसून गाडी पुसत असले की दारात येऊन म्हणायचे, "काय गो बाय, बाप्पाची पूजा करतेस क गारीची? अख्खा दिस पुसायची न् चालवायची मिनिटभर!" मिनिटभर कुठलं, काका, पंधरा-सोळा सेकंद, मी मनात म्हणायचे.

आणि ते दोघे. आई त्यांना 'ते दोघे' म्हणायची, जसं माहेरच्या आगाऊ पाहुण्यांना म्हणतात तसं. "ते दोघे उठलेत का? झाडू मारायचाय." मागच्या चाकांचे खास टायर होते ते, हातभर रुंद, गुळगुळीत, एक रेघ नाही अंगावर. रबर इतकं मऊ की नख रुतायचं. एक हौशी गृहस्थ हा खेळ सोडून परदेशी निघाले, त्यांनी जाताना आत्याला दिलेले, तेही निम्मे वापरून झालेले. तसे टायर तेव्हा आपल्याकडे पुन्हा मिळणार नव्हते. हे संपले की गाडी संपली आणि गाडी संपली की आत्याची रेस संपली, इतकं ते साधं होतं.

गंमत अशी की हे टायर झिजवल्याशिवाय वापरताच येत नाहीत. रेसच्या आधी पाणी ओतलेल्या जागेवर ते उभ्या उभ्या गरागरा फिरवायचे, धूर काढायचा, म्हणजे रबर तापून चिकट होतं आणि जमीन धरतं. बाकीची मंडळी पब्लिकसाठी ढगभर धूर काढायची. आत्या नाही. "धुराची पहिली रेघ दिसली की पाय काढायचा. पुढचा सगळा धूर म्हणजे आपलं आयुष्य जाळणं." प्रत्येक टायरच्या पाठीवर मुगाएवढे दोन खड्डे होते. झिजून ते नाहीसे झाले की टायर मेला. त्यांची खोली आम्ही आईच्या क्रोशाच्या सुईने मोजायचो. सुईवर लाल नेलपॉलिशच्या खुणा केल्या होत्या, त्या पुसू नयेत म्हणून ती सुई देवघरात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. डावा जास्त झिजला तर तो उजवीकडे, उजवा डावीकडे. ब्लाउज शिवायच्या टेपने दोघांचा घेर मोजायचा. धावपट्टीवरसुद्धा त्यांना खडीवरून चालवायचं नाही, साध्या टायरांवर गाडी रांगेपर्यंत न्यायची आणि तिथे जॅक लावून हे चढवायचे. तोवर ते दोघे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून, पट्टे लावून बसलेले. रेस झाली की साबणाच्या कोमट पाण्याने आंघोळ, मग हवा निम्मी सोडायची, काळ्या पिशवीत घालायचे, वर गोधडी. आत्याने हे सगळे नियम एका फुलस्केप कागदावर लिहिले होते आणि तो कपाटाच्या दारावर चिकटवलेला असे. सर्वांत वर, ठळक अक्षरांत: ऊन लागू देऊ नये. तेल लावू नये.

या सगळ्याची राखणदार मी होते. कॉलेज सुटलं की घरी येऊन आधी पलंगाखाली वाकायचं. रेसच्या दिवशी गाडी रांगेत उभी असताना एका बाजूला ऊन आलं तर त्या टायरमधली हवा फुगते आणि दोघांचा तोल बिघडतो, म्हणून मी आईची फुलाफुलांची छत्री घेऊन उन्हाच्या बाजूच्या टायरशेजारी उकिडवी बसायचे. डोंबिवलीच्या पोरांचा एक घोळका नेहमी यायचा, बाइक घेऊन. "ओ ताई, पाऊस कुठाय?" "अरे, टायर काळा पडेल ना उन्हात!" मी वर बघायचे नाही. हे वाचून आजच्या मुलींना वाटेल, काय ही गुलामगिरी. पण मी काही फुकट नव्हते करत. आत्याने मला शब्द दिला होता.

बाळकुमच्या कोठीत, पोत्यावर बसून भाजलेले शेंगदाणे खाताना तिने तो दिला होता. मी तिला सारखी विचारायचे, आत्या, मला कधी चालवू देशील? ती म्हणाली, "या टायरांचा शेवटचा रन तुझा. शेवटचा रन चुकला तरी चालतो नीलू, तो तसाही संपायलाच आलेला असतो." मला आयुष्यात तोवर कुठल्याच गोष्टीचं एवढं वेड लागलं नव्हतं. ती गाडी सुटताना नाक उचलून जो आवाज करायची, तो ऐकला की माझाही डावा पाय क्लच दाबल्यासारखा हलायचा. मला तिथे बसायचं होतं. बस्स. बाकी बीएची परीक्षा, आप्पांनी आणलेली स्थळं, सगळं त्याच्या पुढे झूठ होतं.

आता यातला घोळ लक्षात घ्या. टायर संपले की माझी पाळी. आणि टायर संपू नयेत हे बघणं माझं काम! आणि दुर्दैव असं की ते काम मला फार छान जमायला लागलं. सहा-सात रन राहिलेत असं आत्या म्हणाली होती, त्याचे दहा झाले, बारा झाले. दर रेसनंतर मी देवघरातून सुई आणायची, खड्ड्यात घालायची आणि आत्याने टाळी वाजवायची, "वा गं पोरी! जरासुद्धा नाही झिजला." मी हसायचे आणि आत कुठेतरी रडू दाटून यायचं. आत्याचं संपल्याशिवाय माझं सुरू होणार नव्हतं, आणि आत्यावर तर माझा जीव होता. कधी कधी ती झोपली की मी पलंगाखाली हात घालून त्यांना हळूच म्हणायचे, "मेल्यांनो, झिजा की रे, मग माझी पाळी."

नवरात्राच्या आधी आमच्याकडे सगळं घर बाहेर निघायचं. घट बसायच्या आत गाद्या, गोधड्या, उशा गच्चीवर, डबे घासून पालथे, कपाटं रिकामी. त्या दिवशी आत्या शिकवणीला गेलेली. आईने मला कपड्यांचे चिमटे घेऊन गच्चीवर बोलावलं. मी वर गेले. टाकीच्या बाजूला चटईवर ते दोघे उघडेवाघडे पडले होते, वर भादव्यातलं ते कडकडीत ऊन, आणि आई खोबरेल तेलाची वाटी घेऊन डाव्याच्या पाठीला मालीश करत होती. चांगली तळहाताने, बाळंतिणीला न्हाऊ घालायला आलेल्या बाईसारखी.

"किती कुबट वास मारत होते," ती म्हणाली. "वर्षभर अंधारात कोंडून घातलेत. आणि कातडी बघ, कशी कोरडी पडलीय. म्हटलं जरा ऊन दाखवावं."

कपाटावरचा कागद तिने कधी वाचला नसणार. तिला चष्म्याशिवाय दिसायचं नाही आणि चष्मा ती फक्त पेपरातल्या लग्नाच्या जाहिरातींसाठी लावायची. मला ठाऊक होतं. ऊन म्हणजे काय, तेल म्हणजे काय, सगळं ठाऊक होतं, नियम मला तोंडपाठ होते. एक शब्द बोलायचा होता. आई, थांब. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "बरं."

बरं! आणि खाली आले. चिमटे हातातच होते. मग जेवायला बसले. त्या दिवशी कुळथाचं पिठलं होतं, माझ्या आवडीचं, आणि मी ते नुसतं चिवडत बसले. आप्पा म्हणाले, ताप आहे का गं? मी नाही म्हटलं. दुपारी दोनला आई पुन्हा वर गेली आणि दोघांना उलटवून, दुसऱ्या बाजूने तेल लावून आली, जसे पापड उलटवतात तसं. तरीही मी बोलले नाही. चारला त्यांना खाली आणलं. इतकी वर्षं झाली, पण त्या 'बरं'ची लाज मला अजून वाटते. दुसऱ्या बऱ्याच गोष्टी केल्या मी आयुष्यात, त्यांची नाही वाटत एवढी.

आत्या संध्याकाळी आली आणि दारातच थबकली. घरभर खोबरेल तेलाचा वास. आई पदराला हात पुसत पुढे आली. "वन्सं, आज मी जरा त्या दोघांना..." आत्या आत गेली. तिने गोधडी सोडली. दोघे चकचकत होते, लग्नाला निघाल्यासारखे. मी दाराआड उभी. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. आत्या खाली बसली, बोट फिरवलं, नख रोवून बघितलं. नख रुतलं नाही. कडांना कुठे भेग आहे का ते तिने कितीतरी वेळ वाकून पाहिलं. भेग नव्हती, फक्त वरची साल कडक झाली होती. मग तिने बोटाचा वास घेतला आणि वर आईकडे बघितलं.

"दोघांनाही सारखं लावलंत, वहिनी," आत्या म्हणाली. "हे नशीबच म्हणायचं."

"हो, म्हटलं एकालाच कशाला," आई म्हणाली आणि भात लावायला निघून गेली.

आत्याने मला हिशेब समजावला, तोही शांतपणे. वरची कडक साल जाळून काढावी लागेल. म्हणजे या वेळी धुराच्या रेघेवर थांबून चालणार नाही, खूप वेळ फिरवावे लागतील, खालचं मऊ रबर लागेपर्यंत. त्यात पुष्कळ जाईल. "माझा एक रन होईल," ती म्हणाली. "आणि त्याच्यानंतरचा तुझा."

मला हवं होतं ते मिळालं होतं. मी संडासात जाऊन रडले.

पुढच्या रेसला तुकारामकाका टेम्पोतून गाडीबरोबर आले. आई येणार नाही म्हणाली, ती कधीच यायची नाही. "मी नाही बाई त्या धुरात यायची." पण डबा दिला होता, दशम्या आणि पाट्यावरची तीच लसणीची चटणी. काकांनी कॅनने पाणी ओतलं. आत्या गाडीत बसली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा ढगभर धूर काढला. काय तो धूर! त्यात भाजलेल्या खोबऱ्याचा वास. डोंबिवलीच्या पोरांतला एक म्हणाला, "ओ ताई, मोदक तळताय का?" आत्या धुरातून बाहेर आली, दिवा लागला, सुटली. तिचा तो रन ना फार चांगला ना वाईट, तिच्या नेहमीच्या रनांसारखा होता. परत येऊन ती उतरली, सुई घातली, सर्वांत खालची लाल खूण कडेशी टेकली होती. तिने हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर चढवलं. आत घामाने ओलं आणि तिच्या तेलाच्या वेणीचा वास.

"प्रत्येक ड्रायव्हरला दोन रन मिळतात," ती म्हणाली. "पण टायरांत एकच आहे. जा."

मी बसले. शेजारी कल्याणचा कुणीतरी मोटारसायकलवाला. पाण्यावर गाडी आली आणि मी पाय दाबला. दोघे फिरले. आणि मागून धुराची पहिली रेघ आरशात दिसताक्षणी माझा पाय आपोआप उचलला गेला! दिवा हिरवा झाला. आणि वाचकहो, खोटं नाही सांगत, मी क्लच असा सोडला जसा नौपाड्यातल्या काकूंनी सोडावा म्हणून आत्या घसा कोरडा करायची. अलगद. टायराला ओरखडासुद्धा येऊ नये असा. गाडी निघाली, डुलत डुलत. मोटारसायकलवाला पलीकडे पोचला, थांबला, मागे वळून बघत राहिला. मी मधूनमधून आरशात टायर बघत होते, ठीक आहेत ना म्हणून. लाउडस्पीकरवरचा माणूस आधी आकडा सांगायला विसरला, मग म्हणाला, "ताई भाजी घेऊन येतायत, जरा वाट द्या." त्या धावपट्टीवर तोवर इतका सावकाश रन कुणी केला नव्हता, टेम्पोनेसुद्धा नाही.

आणि मला काय व्हावं? अभिमान! मी धावत सुई आणली, खड्ड्यात घातली आणि ओरडले, "आत्या, बघ! काहीसुद्धा झिजलं नाही!"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "अगं वेडाबाई," ती म्हणाली, "मी तुला ते संपवायला दिले होते. जपायला नव्हते दिले."

तेव्हा मला रडू फुटलं. मी तिथे, काकांच्या पाण्याच्या कॅनवर बसून, हेल्मेट घातलेलंच, भोकाड पसरलं. म्हटलं, ते संपले तर तू काय करशील? ती म्हणाली, "काकूंना क्लच शिकवीन. ऊठ. एक रन आहे अजून तुझा." काकांनी कॅन माझ्या खालून काढून घेतला आणि पाणी ओतलं. "जा गो बाय," ते म्हणाले, "गारीची काय लग्नाची वरात काढतेस?"

दुसऱ्या वेळी मी आरसा वर फिरवून ठेवला. पाय दाबला तो दाबलाच. धुराची रेघ आली, मग ढग आला, मग काचेतून काहीच दिसेना, खोबऱ्याचा, जळक्या रबराचा वास नाकात, आणि खालून ते दोघे असे ओरडत होते की आतापर्यंत आपण यांना झोपवूनच ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. दिवा लागला. क्लच सोडला नाही, फेकला. गाडीने नाक उचललं, माझं डोकं मागे आपटलं, आणि मी "आई गं!" म्हणून जी किंचाळले ती रेघ ओलांडेपर्यंत किंचाळतच होते. पंधरा-सोळा सेकंद. त्यावर माझं अख्खं आयुष्य बेतलं, असं म्हटलं तर कुणाला पटायचं नाही, पण आज मी जे ड्रायव्हिंग स्कूल चालवते, ते आत्याचंच, आणि त्याच्या गाडीत बसल्यावर अजूनही एखाद्या काकूंनी क्लच फेकला की मी ओरडत नाही.

परत आले तेव्हा दोघांच्या पाठीवर खड्डे नव्हते. ठिकठिकाणी आतले पांढरे धागे दिसत होते. आत्याने हात लावला, चटका बसला म्हणून झटकला, पुन्हा लावला. मग उठली आणि म्हणाली, "चला. वहिनींना आता मिक्सर लावू दे."

ते टायर काकांनी बाळकुमला नेले, खाडीवरच्या होडीच्या कडेला बांधायला. होडीही गेली आता, कोठीही गेली. तिथे उंच इमारती झाल्या आणि नशिबाचा फेरा असा की त्यातल्याच एकीत आम्ही राहतो, आई आणि मी. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. माझेही गुडघे आता कुरकुर करतात. त्या 'बरं'विषयी मी आत्याला कधीच सांगितलं नाही, आईलाही नाही. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. इथवर लिहून झालं आणि परवा दुपारी मी धीर करून आईला वाचून दाखवलं. ती खिडकीशी बसून लसूण सोलत होती. वाचत वाचत गच्चीपर्यंत आले. 'मला ठाऊक होतं', हे वाक्य मी तिच्याकडे न बघता वाचलं.

आई हसत होती. दात नाहीत आता, पण हसते खूप.

"कागद वाचला नव्हता म्हणे मी," ती म्हणाली. "अगं, कपाटावर खळ लावून चिकटवला कुणी? मीच ना. वर्षभर फ्रिज दारात ठेवून, मिक्सर बंद करून, हात मोडेस्तोवर वरवंटा फिरवला, आणि मला उन्हाचं कळत नव्हतं होय?"

मी वाचत होते त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वर बघितलं.

"रात्री पलंगाखाली हात घालून काय बोलायचीस ते ऐकू यायचं मला. मी भिंतीपलीकडेच निजायचे, ती भिंत केवढीशी! वन्सं काही आपणहून संपवणार नव्हत्या, आणि तू काही त्यांना म्हणणार नव्हतीस. मग कुणीतरी वाईट व्हायला नको का?" तिने लसणीची साल फुंकून उडवली. "वाटीने मोजून तेल घातलं. याला एक, त्याला एक. एकालाच लावलं असतं आणि गाडी वाकडी गेली असती म्हणजे? तू बसणार होतीस आत."

"म्हणजे माझ्यासाठी केलंस?" मी विचारलं.

"तुझ्यासाठीच," आई म्हणाली. मग जराशाने, "आणि मिक्सरसाठी."

मी कागद खाली ठेवले. तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत घातल्या आणि माझ्याकडे न बघता, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "धूर झाला होता का गं चांगला?"

"झाला होता आई," मी म्हटलं. "खूप झाला होता."